बाणाचा ठोका

गोटीच्या झोपेचं कौतुक साऱ्या घराला पुरून उरत होतं. दाराची घंटा वाजो, शेजारचा कुत्रा गळा फाडून भुंको, किटली शिट्टी मारून मारून दमो, पोरगी आपली मुठी वळून निवांत. तिचा बाप खालच्या बेकरीत रात्रभर पाव भाजायचा आणि दिवसा वर येऊन झोपायचा. तो म्हणायचा, "हिला बरोबर कळतं, बापाला झोप हवी असते. काही लेकरं नशीब घेऊन येतात, ही रजई घेऊन आलीय."

सगळे हसायचे. गोटीची आईही हसायची, पण तिचं हसू ओठांच्या कडेलाच विझायचं. शांत बाळ म्हणजे सुख, असं ज्याने त्याने तिला सांगितलं होतं. मग हे सुख आपल्याला रात्री पाळण्याजवळ उभं का करतं, हे तिला कुणाला विचारता येत नव्हतं. मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणून ती पुन्हा शिवणयंत्राशी बसायची. पडदे शिवायचं काम ती घरीच करत असे. गोटी लाकडी फळ्यांच्या जमिनीवर, दुपट्यावर, यंत्राच्या पायाशी. यंत्र सुरू झालं की रडतं बाळ गप्प व्हायचं. हीसुद्धा कौतुकाचीच गोष्ट होती.

जन्मानंतर इस्पितळात एका नर्सने ऐकू येतं का ते तपासायला गोटीच्या कानात बारीक बोंडं घालून यंत्राकडे पाहिलं होतं आणि कपाळाला आठी घातली होती. "कानात पाणी असेल अजून," ती म्हणाली होती. "बहुतेक मुलांना असतं. पुन्हा घेऊन या." पुन्हा जायच्या दिवशी गोटीला ताप आला. त्याच्या पुढच्या खेपेला एका हॉटेलच्या पडद्यांचं काम अंगावर होतं. आणि मग बाबा राहायला आले, त्यांच्याबरोबर तो बाणांचा खेळ आला, आणि जायचं कारणच उरलं नाही.

बाबा म्हणजे गोटीच्या आईचे वडील. उभं आयुष्य रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात गेलेलं. पण तरुणपणी त्यांनी एक काम केलं होतं आणि उरलेली सगळी वर्षं ते त्याच्याच उबेवर काढत होते. घरगुती कॉम्प्युटर नुकते आले होते तेव्हा दोन भावांनी एका गॅरेजात खेळ बनवायला घेतले. त्यांतल्या डार्ट्सच्या, म्हणजे गोल फळ्यावर बाण मारायच्या खेळाचे सगळे आवाज बाबांनी बनवलेले. जुना फुगीर टीव्ही, बिस्किटाच्या रंगाचा तो कॉम्प्युटर, कॅसेट चालवणारा डबा आणि स्वतःच्या हाताने बनवलेली, प्रवासाच्या पेटीएवढी लाकडी स्पीकरपेटी, एवढा संसार घेऊन ते लेकीकडे आले. कपडे एका पिशवीत मावले.

"लोक हा खेळ खेळायला नव्हे, ऐकायला विकत घ्यायचे," ते जावयाला सांगायचे.

"आणि बाण?"

"बाण काय, कुणीही मारतं. ठोका कुणी दिला?"

खरंच, तो ठोका ऐकण्यासारखा होता. आधी खेळ यंत्रात भरायला कॅसेट लागायची. पाच-सहा मिनिटं नुसता कर्कश आक्रोश, मांजरांचं भांडण पत्र्याच्या नळीत कोंडल्यासारखा. मग पडद्यावर गोल फळा उजळायचा आणि धून सुरू व्हायची. त्या यंत्राला एका वेळी तीनच सूर काढता यायचे. बाबांनी एकाला गायला लावलं होतं, दुसऱ्याला चालायला, आणि तिसरा वाट बघत थांबल्यासारखा मधूनच यायचा. वरवर गमतीची धून, पण ऐकता ऐकता माणूस मागे वळून पाही. पडद्यावरचा हात बाण धरून डगमगत असे आणि त्या वेळी खालून धक्‌धक्‌ व्हायची. जितका उशीर करावा तितकी ती वाढायची. मग बाण सुटे. ठप्प! तो ठोका पेटीतून निघून फळ्यांमधून तळपायांत शिरायचा. पाठोपाठ गर्दीच्या टाळ्या. म्हणजे खरं तर खरखरच, पण बाबांनी तिला असा चढउतार दिला होता की खोलीत माणसं भरल्याचा भास व्हावा.

पहिल्याच दिवशी गोटी दुपट्यावर पालथी पडली होती. बाण लागला तशी ती दचकली. मान उचलून तिने पाहिलं. दुसरा बाण लागला आणि ती खदखदून हसली.

बाबा खुर्चीतून उठलेच. "बघितलंस? कान बघ, कान! तिखट कानाची पोर आहे. आजोबावर गेलीय. तुमच्या त्या नर्सला म्हणावं, आपलं यंत्र दुरुस्तीला माझ्याकडे पाठव."

त्या दिवशी आई पोटभर जेवली.

पण भीती ही शेजारणीसारखी असते, दार लावून घेतलं तर खिडकीतून हाक मारते. काही दिवसांनी तिने स्वतःच चोरून परीक्षा घ्यायला सुरुवात केली. गोटीच्या पाठीमागे जमिनीवर पातेल्याचं झाकण टाकलं. गोटी दचकली. हायसं वाटलं. मग तिला कडेवर घेऊन खिडकीत उभी असताना खाली रस्त्यावर एका गाडीने एवढ्या जोरात भोंगा वाजवला की आईच्याच छातीत धस्स झालं. गोटी तिच्या कुडत्याच्या गुंडीशी खेळत राहिली. असेल, खेळात रमली असेल. अंगाई म्हणताना बाळ टक लावून तोंडाकडे बघायचं, आणि खोलीत दिवा मालवला की त्याच अंगाईला रडायचं. असेल, अंधाराला भीत असेल. असं 'असेल, असेल' करत ती प्रत्येक गोष्टीला अस्तर लावत गेली. पडदेवालीच ती. उसवलेलं दिसू न देणं हाच तिचा धंदा.

आणि बाबा. "तोंडातल्या तोंडात बोलू नका रे," ते दिवसातून दहादा म्हणायचे. खेळ लावला की चपला काढून, एक हात स्पीकरपेटीवर ठेवून डोळे मिटून बसायचे. "लय हातात लागते," म्हणायचे. ती कलावंताची ढब आहे असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्यांना थोडं कमी ऐकू येतं हे तिला ठाऊक होतं. किती कमी, ते विचारायची वेळच त्यांनी कुणावर येऊ दिली नव्हती. बोलणं कायम त्यांचंच चालू असायचं. जो बोलतो त्याला ऐकावं लागत नाही.

मग एक दिवस एका बाईंचा फोन आला. जुन्या घरगुती कॉम्प्युटरांचं संगीत जमवून त्याच्या तबकड्या काढायचं काम त्या करत होत्या. त्यांना बाबांचा खेळ हवा होता, आणि तोसुद्धा त्यांच्याच यंत्रावरून, त्यांच्याच पेटीतून.

बाई आल्या त्या दुपारी बाबांनी सकाळपासून दोनदा दाढी केली होती. जावई आतल्या खोलीत गाढ झोपला होता. बाईंनी पायऱ्यांवरून दोन जड पेट्या, माईकची तिकाटणी आणि गुंडाळलेला फोम वर आणला. वयाने बऱ्यापैकी मोठ्या, केस आखूड, खिशात चिकटपट्ट्या आणि वायरीच वायरी.

"या, या, माईकवाल्या बाई," बाबा म्हणाले. "चहा आधी की कीर्ती आधी?"

"आधी कीर्ती. चहाने हात थरथरतो," बाई म्हणाल्या.

बाबांनी कान पुढे केला. "काय थरथरतं?"

"हात!"

"हो, पडद्यावर हात थरथरतोच. तीच तर मजा आहे."

बाई जराशा थबकल्या, मग हसल्या. गोटीच्या आईने ते ऐकलं आणि पाठ फिरवून चहाचं आधण ठेवलं.

बाईंनी एक ध्वनिमुद्रण थेट वायर जोडून करून घेतलं. "आता खोलीतलं करू," त्या म्हणाल्या. "त्या काळी घरात बसून कसं ऐकू यायचं, तसं." त्यांनी माईक उभा केला, कानांवर हेडफोन चढवले, खेळ चालू केला आणि लगेच कपाळाला आठी घातली. "जमीन बोलतेय. पेटीची सगळी गुरगुर फळ्यांमधून माईकच्या पायात चढतेय." त्यांनी फोमचा जाड तुकडा कापला आणि पेटी उचलून त्यावर ठेवली. दुसरा तुकडा टीव्हीच्या टेबलाखाली सरकवला. मग बाबांकडे वळून हातानेच खूण करत म्हणाल्या, "पेटीवर हात नको, काका. घासल्याचा आवाज येतो. तुम्ही त्या खुर्चीत बसा."

बाबांनी हात काढला. खुर्चीत बसले. पाय जमिनीला टेकवले आणि दोन्ही पंजे गुडघ्यांवर असे ठेवले जणू ते कुणाचे तरी सांभाळायला दिलेले आहेत.

गोटी दुपट्यावर बसून लाकडी कडं चघळत होती. पाठ टीव्हीकडे.

बाईंनी बोट ओठांवर ठेवलं आणि कळ दाबली.

धून सुरू झाली. फोमवरून ती आणखीच स्वच्छ वाटत होती. इतकी स्वच्छ की गोटीच्या आईला त्या तिसऱ्या सुराची वाट बघणं पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. खोलीभर धून होती. खिडकीच्या काचेवर होती, कपबश्यांमध्ये होती.

"सुरू केलंत का?" बाबांनी मोठ्याने विचारलं.

बाईंनी मान वर केली. धून चालूच होती.

"नाही म्हणजे, मी तयार आहे," बाबा म्हणाले. "तुम्ही सांगा, की मग सुरू करू."

बाबांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. ते भ्याले होते. मग पडद्यावर फळा उजळलेला त्यांना दिसला आणि ते घाईघाईने मान डोलवू लागले. तालात नव्हे. तालाच्या जरा पुढेमागे.

पडद्यावरचा हात डगमगायला लागला. खालून धक्‌धक्‌ सुरू झाली. गोटीच्या आईची नजर बाबांवरून निसटली आणि दुपट्यावर गेली. तिला वाटलं, ओरडून सांगावं, थांबवा, बाण मारू नका. बाईंनी कळ दाबली.

ठप्प.

एवढा मोठा ठोका या खोलीत पूर्वी वाजला नव्हता. टाळ्यांची खरखर उसळली.

गोटीने कडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

ठप्प.

गोटीच्या कोवळ्या मानेवरची लव उन्हात सोन्यासारखी दिसत होती. ती मान हलली नाही.

ठप्प. टाळ्या.

आईच्या हातातला कप कधी कलंडला ते तिला समजलं नाही. चहा टेबलावरून ठिबकत फळ्यांवर पडत होता. इतके दिवस, इतके महिने तिने जमिनीला विचारलं होतं आणि जमिनीने उत्तर दिलं होतं. झाकण जमिनीवर. यंत्र जमिनीवर. पेटी जमिनीवर. आणि गोटीही जमिनीवरच.

"पुन्हा एकदा घेऊ," बाई हळूच म्हणाल्या. त्यांना फक्त काकांचं कळलं होतं. हेडफोन काढून त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, त्यांना किती दिवसांपासून असं..."

"ती कॅसेट लावा," गोटीची आई म्हणाली.

"कुठली?"

"खेळाचीच. सुरुवातीचा तो आक्रोश. पूर्ण आवाजात लावा. फोम तसाच राहू दे."

तिने गोटीला उचललं. जमिनीवरून, दुपट्यावरून, फळ्यांवरून वर, छातीशी. मग तेही पुरेसं वाटेना. आपल्याच छातीची धडधड बाळाला लागेल म्हणून तिने तिला दोन्ही हातांत धरून अंगापासून दूर केलं. गोटीला हा खेळ वाटला. ती पाय झाडू लागली.

बाईंनी बटण फिरवलं आणि तो आवाज सुटला. खोलीत जणू पत्रे फाडत होते. बाईंनी स्वतःच कानांवर हात दाबले. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि जावई बनियनवर, केस उभे, डोळे लाल असा उंबऱ्यात उभा राहिला.

"कुणाला मारताय काय इथे? माणसाने झोपावं की मरावं?"

गोटी आईच्या हातांत तरंगत होती. दोन पावलांवर तो आक्रोश चालू होता आणि ती आईच्या डोळ्यांत बघून, एकुलता एक दात दाखवून हसत होती. तिने दाराकडे वळून पाहिलं नाही. बाप चालत पुढे आला, तिच्या नजरेच्या कडेला त्याची आकृती आली, तेव्हा ती वळली आणि तिने त्याच्याकडे हात पसरले.

जावयाने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. बाईंनी आवाज बंद केला.

"ही झोपायची ना..." तो म्हणाला.

बाबा उठले होते. कॅसेट चालू झाल्याचं, बंद झाल्याचं त्यांना बाईंच्या हातांवरून कळलं असावं. पण लेकीने बाळाला असं धरलेलं पाहून त्यांना सगळंच कळलं. ते गुडघ्यांवर बसले आणि पेटीखालचा फोम ओढायला लागले. पेटी जड होती. फोम अर्धा फाटून हातात आला.

"हे काढा आधी! हे भलतंसलतं काय घातलंय खाली! असा कुठे आवाज येतो?" त्यांचा स्वर चढत होता. "जमिनीवर ठेव तिला. ठेव, मी सांगतो. बघ कशी हसते. मी रोज बघतो. तुम्हाला कुणाला कान नाहीत, म्हणून..."

"बाबा."

ते पाठमोरे होते. फोमचे तुकडे काढत राहिले.

"बाबा," ती पुन्हा म्हणाली, आणि मग उगाच तिसऱ्यांदा म्हणाली नाही. जमिनीवर पाय आपटला असता तर ते वळले असते. तिने आपटला नाही. ती बाळाला घेऊन त्यांच्या समोर जाऊन खाली बसली.

बाबांनी पेटी फळ्यांवर ठेवलीच. खेळ पुन्हा चालू केला. आता पेटी जमिनीवर, बाबांचा पंजा पेटीवर. "ठेव," ते म्हणाले. या वेळी हळू, विनवत. "एकदाच ठेव गं."

ठेवलं असतं तर गोटी दचकली असती, हसली असती, आणि खोलीतल्या प्रत्येक माणसाने आपापला श्वास परत घेतला असता. नवरा आत जाऊन झोपला असता. बाईंनी चहा घेतला असता. इस्पितळाची खेप आणखी एका ऋतूने पुढे गेली असती. हा मोह इतका ओळखीचा होता की तिचे हात थोडे खाली झुकलेही.

मग तिने गोटीला खांद्याशी घट्ट धरलं, उठली आणि भिंतीवरच्या फोनपाशी गेली.

"कुणाला लावतेयस?" नवऱ्याने विचारलं.

"कान बघतात तिथे."

"आत्ता? जरा दम घे. उद्या शांतपणे..."

"शांतपणाच खूप झाला रे," ती म्हणाली. रागाने नव्हे. त्याला ते लागलं आणि तो तिच्या बाजूला येऊन उभा राहिला, पीठ लागलेल्या नखांनी टेबलाची कड खरवडत.

फोन बराच वेळ वाजला. मागे बाबा एकटेच खेळत होते. ठप्प, टाळ्या. ठप्प, टाळ्या. माईकवाल्या बाई वायरी गुंडाळायच्या थांबून जमिनीकडे बघत होत्या. ठोका फळ्यांमधून आईच्या तळपायांना लागत होता आणि ती बाळाला आणखी वर, आणखी वर सरकवत होती.

"कानतपासणी," पलीकडून एक कंटाळलेला आवाज आला. "काय तक्रार आहे?"

ती वळली. खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी, बाबांच्या अगदी समोर. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांची नजर तिच्या डोळ्यांवर नाही, सवयीने ओठांवर गेली. किती वर्षं ती नजर तिथे जात होती, आणि लेकीला वाटायचं, बाबा आपल्याकडे किती लक्ष देतात.

"ऐकू येत नाही," ती म्हणाली. प्रत्येक अक्षर सुटं करून, फोनमध्ये नाही, त्यांच्याकडे बघून. "माझ्या मुलीला. आणि माझ्या वडिलांना."

बाबांचा हात पेटीवरून निघाला.

"दोघांना?" पलीकडचा आवाज जरा जागा झाला. "एकाच घरात? मुलगी केवढी आहे? ... बरं. उद्या सकाळीच आणा, दोघांनाही. आणि ताई, तुमचे स्वतःचे कान कधी तपासलेत?"

तिने रिसीव्हर कानाशी आणखी दाबला. नवरा तिच्याकडे बघत होता. ती रिसीव्हर नेहमी एकाच कानाला धरते, दुसऱ्याला कधीच का धरत नाही, हे त्याने आजवर कधी पाहिलं नसावं. तिनेही पाहिलं नव्हतं.

"ऐकताय ना?" पलीकडून विचारलं.

गोटीने हात वर केला आणि चघळून ओली झालेली आपली बोटं आईच्या गळ्यावर ठेवली, जिथून शब्द निघतात तिथेच. मान वाकडी करून, अगदी लक्षपूर्वक.

"हो," आई म्हणाली. बोटांखाली गळा हलला, तशी गोटी हसली. आई बोलत राहिली, "माझेही बघा. लिहा. तिघंही येतो," आणि बोलायचं संपलं तरी फोन ठेवेना, बोटं उचलली जाऊ नयेत म्हणून काहीबाही बोलत राहिली.